जुईचा ताबा

“मोनालीच्या वकीलबाई तुमीच काय?”

धंतोलीतल्या माझ्या ऑफिसचं कुलूप मी नुकतंच उघडलं होतं. किल्ली अजून हातातच होती. दारात सत्तरीच्या आसपासच्या एक बाई उभ्या होत्या. पातळाचा पदर घट्ट खोचलेला, खांद्याला कापडी पिशवी, आणि हातात एका मुलीचं मनगट. हात नव्हे, मनगट. रस्ता ओलांडताना धरतात तसं.

बाईंना मी ओळखलं नाही, पण मुलीला ओळखलं. तिला मी एकदाच पाहिलं होतं, हायकोर्टाच्या व्हरांड्यात, पाठमोरी. पण तिच्या आईच्या फोनमधले तिचे सगळे फोटो मला पाठ झाले होते. ती जुई होती. म्हणजे या बाई अनसूयाबाई काळमेघ, आमच्या याचिकेतल्या प्रतिवादी क्रमांक दोन. मुलीची आजी.

“तुम्ही इथं यायला नको होतं,” माझ्या तोंडून निघून गेलं.

“मंग कुठं जाऊ?” त्या म्हणाल्या. “परतवाड्याहून पहिल्या गाडीनं निघालो. कोर्टाचं दार मले मायीत नाई. तुमचा पत्ता त्या नोटिशीवर होता.”

मुलगी घामाने भिजली होती. जून अर्धा सरला तरी नागपूरचं ऊन हटायला तयार नव्हतं. मी दोघींना आत घेतलं.

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं होतील. तोवर माझी सारी वकिली शिक्षकांच्या नोकऱ्यांची. कुणाला संस्थेने काढलं, कुणाची बढती अडली. मोनाली भुयार माझ्याकडे आली तीही अशाच एका शिक्षिकेची ओळख सांगत. न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला ती नर्स होती. नवरा संदेश काळमेघ तिथेच एका कंपनीत होता. त्याची नोकरी गेली, घरात धुसफूस वाढली, दोघं वेगळे राहायला लागले. तिथल्या कोर्टाने मुलगी आईकडे आणि शनिवार-रविवार बापाकडे असं ठरवून दिलं. मग संदेश म्हणाला, वडिलांचं वर्षश्राद्ध आहे, तीन आठवडे जुईला परतवाड्याला नेऊन आणतो. मोनालीने हो म्हटलं. तीन आठवडे झाले आणि त्याचा फोन लागेनासा झाला.

पहिल्या भेटीत मी तिला सांगितलं होतं, “पळवून नेलेली मुलं परत करायचा देशादेशांमधला एक करार आहे. तुमच्या न्यूझीलंडने त्यावर सही केली आहे. आपल्या देशाने केलेली नाही. त्यामुळे तिथल्या कोर्टाचा हुकूम इथे दाखवला की पोलीस मुलगी आणून देतील, असं होणार नाही.”

“मग काय करायचं?”

“हायकोर्टात अर्ज करायचा, की मुलीला आमच्यापुढे हजर करा. कोर्ट एकच गोष्ट बघेल, मुलीचं भलं कशात आहे ते.”

अर्ज केला. मुलगी हजर झाली. न्यायमूर्तींनी तिला चेंबरमध्ये बोलावून विचारलं, आणि ती एवढंच म्हणाली, “मला आजीजवळ राहायचंय.” मोनाली तेव्हा बाहेरच्या बाकावर होती. मी तिला ते सांगितलं तेव्हा ती नुसती पर्सची चेन उघडत आणि लावत राहिली.

कोर्टाने तात्पुरता हुकूम दिला. मुलगी आजीकडे राहील, आईला दर आठवड्याला व्हिडिओ कॉल मिळेल, बाप मुलीला कुठेही बाहेर नेणार नाही आणि तिचा पासपोर्ट कोर्टात जमा करेल. संदेशने प्रतिज्ञापत्र दिलं की पासपोर्ट प्रवासात हरवला. पुढची तारीख उन्हाळी सुट्टीनंतरची पडली. ती अजून यायची होती. जुईला परतवाड्यात दीड वर्ष झालं होतं, आणि आज ही आजी माझ्या ऑफिसात.

जुईला मी आतल्या खोलीत पंख्याखाली बसवलं, बिस्किटं दिली, रंगीत पेन्सिली दिल्या आणि दार ओढून घेतलं.

“आता बोला.”

अनसूयाबाईंनी पाण्याचा अख्खा तांब्या संपवला. मग म्हणाल्या, “उद्या निघते म्हनते तो. दुबईले. नोकरी लागली त्याले तिकडं. जुईले घेऊन जाते.”

“संदेश?”

“मले म्हने, आई, तू कोनाले काई बोलू नको. म्या म्हटलं, अन मी? तं म्हने, तुले मंग बोलावीन. मंग म्हनजे कधी, थे त्याले बी मायीत नाई.” त्यांनी पदराने मान पुसली. “म्या म्हटलं, लेकरू माह्यावाचून रायन कसं? तं म्हने, रडन चार दिवस, मंग इसरन. आईले इसरलीच ना.”

“आणि?”

“इसरली नाई ते.”

“तुम्हाला कसं ठाऊक?”

“फोन बंद झाला का न्हानीत जाऊन बसते. नळ सोडते पुरा. म्या दाराशी उभी रायतो. नळाच्या आवाजात बी ऐकू येते, बाई. त्यानं मले बजावलं होतं, का मोनाली रडाले लागली तं फोन बंद करजो, पोरीले तरास होते. मी करे बंद. मले वाटे, बरोबर सांगते लेक.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “त्यानं मले सांगतलं होतं, मोनाली पोरीले घेऊन गेली तं तुले जल्मात तोंड दाखवनार नाई. काल समजलं मले, का तोंड तं तोच दाखवनार नाई.”

मग त्यांनी पिशवीत हात घातला, टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. टॉवेल उलगडला. आत जुईचा पासपोर्ट होता.

“हारपला होता म्हने. माह्या कपाटात होता, लुगड्याखाली. घ्या.”

मी हात मागे घेतला.

“मला देऊ नका. मी याला हातही लावणार नाही. तुमच्या हाताने न्यायमूर्तींना द्यायचा.”

“काहून? तुमी मोनालीच्याच ना?”

“म्हणूनच.”

मी त्यांच्यासमोरच त्यांच्या वकिलांना फोन लावला. मोहरील वकील म्हणजे नागपुरातली जुनी असामी, माझ्या वडिलांच्या वयाचे. संदेशची आणि अनसूयाबाईंची, दोघांचीही बाजू त्यांच्याकडे होती.

“मोहरीलसाहेब, तुमच्या पक्षकार माझ्या ऑफिसात बसल्या आहेत. सोबत मुलगी आहे. आणि हरवलेला पासपोर्टही आहे.”

ते म्हणाले, “त्यांच्याशी एक शब्दही बोलू नका. मी निघालो.”

तेवढ्यात मला बाहेर पायऱ्यांवर पावलं ऐकू आली, आणि माझ्या लक्षात आलं की मोनालीला थांबवायचं राहून गेलं. ती जवळच एका होस्टेलवर राहायची आणि रोज सकाळी माझ्याकडे यायची. काम काही नसायचं. नुसती बसायची, माझ्या फायली लावून द्यायची. खोलीत एकटीने बसवत नाही म्हणायची.

पावलं दाराबाहेर थांबली. तिथे जुईच्या लहान चपला होत्या.

मी दार उघडलं. मोनाली चपलांकडेच बघत होती. तिने मान वर केली, माझ्या खांद्यावरून आत पाहिलं आणि तिला सासूबाई दिसल्या.

“कुठे आहे?”

“आत आहे. मोनाली, आधी माझं ऐक—”

“तुम्ही मला फोनवर रडूसुद्धा दिलं नाहीत,” ती अनसूयाबाईंना म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण ऐकवत नव्हता. “मी रडले की स्क्रीन काळी. मी हुंदका गिळून हसत बसायचे, आई. दर रविवारी.”

अनसूयाबाई खाली बघत राहिल्या.

मोनालीची नजर टेबलावर गेली. पासपोर्ट उघडा पडला होता, जुईच्या फोटोच्या पानावर. ती पुढे झाली.

“ताई, मी टॅक्सी करते. संध्याकाळपर्यंत मुंबई. रात्रीची विमानं असतात.”

“नाही.”

“मुलगी इथे आहे. पासपोर्ट इथे आहे. तिथल्या कोर्टाचा हुकूम माझ्या बाजूने आहे. मला कोण अडवणार?”

“विमानतळावर अडवतील. इथल्या कोर्टाचा हुकूम आहे, मुलगी आजीकडे राहील असा. उद्या संदेशचे वकील उभे राहून सांगतील, बघा, आईनेच पळवली. त्यानंतर जुई तुला कधी मिळेल हे मला सांगता येणार नाही.”

“आणि आज कोर्टाने ऐकलं नाही तर? तो घेऊन जाईल दुबईला. मग काय कराल तुम्ही?”

मी म्हटलं, “आज ऐकतील.” मला खात्री नव्हती. पण ती माझ्याकडे असं बघत होती की दुसरं काही म्हणणं शक्यच नव्हतं.

आतलं दार किलकिलं झालं. जुई दारात उभी होती, हातात हिरवी पेन्सिल. आईला पाहून तिचं तोंड उघडं पडलं. एक पाऊल पुढे आलं. मग तिने आजीकडे पाहिलं, पळत जाऊन आजीच्या मागे लपली आणि पातळाचा सोगा मुठीत धरला.

मोनाली खाली बसली, गुडघ्यांवर. हात पुढे केले नाहीत तिने.

“जुई, मी इथेच आहे,” ती म्हणाली. “तू नाही आलीस तरी चालेल. मी इथेच आहे.”

अर्ध्या तासात मोहरील वकील आले. धापा टाकत. आधी माझ्यावर डाफरले, मग अनसूयाबाईंना बाजूला घेऊन सगळं विचारलं. मी बाहेर व्हरांड्यात थांबले. परत आत बोलावलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता.

“पद्मजाबाई, मला पासपोर्टचं ठाऊक नव्हतं. त्या खोट्या प्रतिज्ञापत्राखाली माझ्या ऑफिसचा शिक्का आहे.”

त्यांचा फोन वाजायला लागला. संदेशचा होता. घरी दोघी नाहीत म्हणून तो परतवाड्यातून गाडी घेऊन निघाला होता. मोहरील एवढंच म्हणाले, “इथे नको. सरळ कोर्टात ये. आणि हे बघ, आज खरं बोलायची तयारी ठेवून ये.”

दुपारच्या सुट्टीनंतर कोर्ट बसलं तेव्हा आम्ही दोघं एकदमच उभे राहिलो. समोरासमोरचे वकील एकाच तातडीच्या अर्जासाठी उभे राहिलेले पाहून खंडपीठावरच्या ज्येष्ठ न्यायमूर्तींनी चष्मा काढला. शेजारी दुसऱ्या न्यायमूर्ती होत्या, नव्यानेच आलेल्या, फार कमी बोलणाऱ्या.

“मुलगी कुठे आहे?” ज्येष्ठांनी विचारलं.

“बाहेर बाकावर, माय लॉर्ड. आजीजवळ.”

“आणि आई?”

“त्याच बाकावर. दुसऱ्या टोकाला.”

पासपोर्ट अनसूयाबाईंनी स्वतः शिरस्तेदारांच्या हातात दिला. टॉवेलासकट. न्यायमूर्तींनी तो उलटून पाहिला, मोहरीलांकडे पाहिलं. मोहरील म्हणाले, “माय लॉर्ड, माझ्या पक्षकाराने हरवला असं सांगितलं होतं. मला आज कळलं. मी याहून अधिक काही बोलू शकत नाही.”

“मुलीला चेंबरमध्ये घेऊन या,” ज्येष्ठ म्हणाले. “आजी आणि दोन्ही वकील. बाकी कुणी नको.”

चेंबर थंड होतं. मोठ्या खुर्चीत जुईचे पाय जमिनीला टेकत नव्हते. आजी तिच्या मागे उभी राहिली. ज्येष्ठांनी शाळा, मैत्रिणी वगैरे विचारलं. जुई एकेका शब्दात उत्तरं देत होती. मग त्यांनी मूळ प्रश्न विचारला, आणि तिने मागच्या वेळचंच उत्तर दिलं. जसंच्या तसं.

“मला आजीजवळ राहायचंय.”

मोहरील खाली बघू लागले.

कमी बोलणाऱ्या न्यायमूर्ती उठून टेबलाच्या अलीकडे आल्या आणि जुईच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या.

“आई रागावते का तुला?”

“नाही.”

“मारते?”

“नाही!”

“आईकडचं घर आवडत नाही?”

“आवडते. तिथं मागं झाड हाय लिंबाचं.”

“मग आई नको का वाटते?”

“नको नाही वाटत.”

जुईने मागे वळून आजीकडे पाहिलं. मग पुन्हा समोर.

“मी गेली तर आजी मरून जाईल.”

न्यायमूर्तींनी आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली.

“असं कोण म्हणालं?”

“बाबा. आबा गेले ना, तशी आजी पण जाईल म्हणाले. मी हाय म्हणून आजी जेवते. मी नसली तर जेवणार नाही, मग मरून जाईल.” ती भराभर बोलायला लागली. “मी रोज पाहते आजीचं ताट. भाकर अर्धी ठेवली तर मी बसून राहते समोर. मग खाते आजी.”

दीड वर्षं. दीड वर्षं हे पोरगं आजीला जिवंत ठेवायच्या कामावर होतं. आणि आम्ही सगळे, मी, मोहरील, न्यायमूर्ती, खुद्द तिची आईसुद्धा, तिला आई नकोशी झाली आहे असं समजून चाललो होतो.

अनसूयाबाई खुर्चीला वळसा घालून पुढे आल्या. हायकोर्टाच्या चेंबरमध्ये, दोन न्यायमूर्तींसमोर, त्यांनी फरशीवर बसकण मारली आणि जुईचे लोंबते पाय मांडीवर घेतले.

“हे पाह्य, इकडं पाह्य माह्याकडं. मले भाकर जात नव्हती थे माह्या दाताच्या पायी. दात हालते माहा. तुले काहून नाई सांगतलं मी? लाज वाटे मले.” त्यांनी तोंड उघडून दातच दाखवला. “मी जेवतो. तू नसली तरी जेवीन. कोरडं जाईन घशाखाली, पन जेवीन. तुह्या भरोशावर नाई जगत मी, बेटा. तुह्याएवढ्या लेकरावर कोनी जगन्याचं वझं ठेवते काय?”

“खरंच?”

“तुही शप्पत नाई खात. माही खातो.”

जुई आजीच्या गळ्यात पडली आणि मग जे रडू आलं ते न्हाणीतल्या नळाआड लपवायचं रडू नव्हतं. मोहरीलांनी चष्मा पुसायला घेतला. न्यायमूर्तींनी पट्टेवाल्याला सांगितलं, “आईला बोलवा.”

मोनाली आत आली तेव्हा तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिने फक्त मुलगी रडताना पाहिली आणि दारातच थबकली. तिला वाटलं असणार, संपलं. न्यायमूर्तींनी तिला थोडक्यात सांगितलं.

जुई आजीच्या खांद्यावरून तिच्याकडे बघत होती. “आई,” ती म्हणाली, “आजी जेवीन म्हणते. पण एकटीच जेवेल.”

मोनाली तिच्यापाशी आली आणि या वेळी जुईच पुढे होऊन तिला बिलगली. किती वेळ त्या दोघी तशा होत्या ते मी सांगू शकत नाही. कुणीच घाई केली नाही. अनसूयाबाई फरशीवरून उठायची धडपड करत होत्या, गुडघे धरून. मोनालीने ते पाहिलं. सकाळी माझ्या ऑफिसात ज्या बाईला तिने ते सगळं सुनावलं होतं, त्या बाईकडे ती बघत राहिली. मग मुलीला एका हाताने धरून दुसरा हात तिने सासूबाईंना दिला.

“आई, तुमचा पासपोर्ट आहे का?”

“मले कायले पासपोर्ट?” अनसूयाबाई चक्रावल्या. “मी अमरावतीच्या पुढं आजच आलो.”

“आमच्यासोबत चला. काही महिने. जुई तिथे रुळेपर्यंत.”

“म्या? इमानात?”

“तुम्ही फोन बंद करायच्या तेव्हा मला तुमचा खूप राग यायचा. अजूनही आहे,” मोनाली म्हणाली. “पण आज तुम्ही तिला घेऊन आलात. आणि ती तुम्हाला सोडून आली तर रोज तुमच्या ताटाचाच विचार करत बसेल.”

मोहरील वकिलांनी खाकरून गळा साफ केला. “माय लॉर्ड, ज्येष्ठ नागरिकांना पासपोर्ट लवकर मिळतो. मी स्वतः बघतो ते.”

आम्ही कोर्टात परत आलो तेव्हा संदेश पोहोचला होता. शर्ट पाठीला चिकटलेला, केस विस्कटलेले. त्याला मी आधी एक-दोनदा पाहिलं होतं तेव्हा तो तावातावाने बोलणारा माणूस वाटला होता. आज तो आईकडे बघून नुसता उभा राहिला.

“तुम्ही मुलीला सांगितलंत, तू गेलीस तर आजी मरेल,” ज्येष्ठ न्यायमूर्ती म्हणाले. “आजीला सांगितलंत, मुलगी गेली तर पुन्हा दिसणार नाही. आणि या कोर्टाला सांगितलंत, पासपोर्ट हरवला. खरं कुणाला सांगितलंत का?”

संदेशने आईवरची नजर काढली. “मला तिथे शनिवार-रविवार दिले होते, साहेब. पाहुण्यासारखी यायची ती माझ्याकडे. बॅग घेऊन. मी बाप आहे, पाहुणा नाही. मला दुसरं काही सुचलं नाही.”

“म्हणून तिच्या आईच्या वाट्याला नुसता व्हिडिओ कॉल ठेवलात,” न्यायमूर्ती म्हणाल्या. त्या दिवशी खंडपीठावर बसून त्यांनी उच्चारलेलं तेवढंच एक वाक्य. संदेशने मान खाली घातली.

मग अनसूयाबाई उठल्या. परवानगी वगैरे काही मागितली नाही. “लेकराले जाऊ दे, बापू,” त्या लेकाला म्हणाल्या. “तू बी येजो भेटाले. मी सांगीन मोनालीले.”

संदेशने त्या दिवशी विरोध सोडला. हुकूम झाला: मुलीचा ताबा आईकडे, परत जायला परवानगी, आजी सोबत जाऊ शकेल, बापाला रोज फोनवर बोलता येईल आणि तिथे जाऊन भेटता येईल. मोनालीने लिहून दिलं की ती त्याच्यावर कुठलाही गुन्हा दाखल करणार नाही. खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल कोर्टाने त्याला माफी मागायला लावली आणि तिथेच सोडलं. मोनालीने त्यासाठी हात जोडले होते. मला म्हणाली, “त्याला तुरुंगात घातलं तर जुईला वाटेल, तिच्यामुळे.”

आजीचा पासपोर्ट आणि व्हिसा व्हायला वेळ लागलाच. तोवर तिघी माझ्या ओळखीच्या एका घरी वरच्या मजल्यावर राहिल्या. मी कधी संध्याकाळी डोकावले तर सासू-सून एकमेकींशी जेमतेम बोलत, पण दोघी जुईशी बोलत. हळूहळू जुईमार्फत बोलू लागल्या. एकदा गेले तर अनसूयाबाई दात काढून आल्या होत्या, गाल सुजलेला, आणि मोनाली त्यांना वाटीने पेज भरवत होती. आणि जुई ताटाकडे ढुंकूनही न बघता गच्चीवर पतंग उडवत होती.

निघायच्या दिवशी मी नागपूर विमानतळावर सोडायला गेले. संदेश येईल असं मला वाटलं नव्हतं. पण तो आला, लांब खांबाशी उभा राहिला. दुबईची नोकरी त्याने सोडली होती. जुईने त्याला पाहिलं आणि आईकडे पाहिलं. मोनालीने मान हलवली तशी ती धावत गेली.

तो खाली वाकला. तिच्याशी काहीतरी बोलला. मला सगळं ऐकू आलं नाही, पण “बाबा खोटं बोलले होते” एवढं ऐकू आलं. जुईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, मोठी माणसं ठेवतात तसा.

दोघं हात धरून आमच्याजवळ आले. संदेशने मोनालीकडे न बघता विचारलं, “दिवाळीत येऊ का?”

मोनालीने ट्रॉलीवरच्या बॅगा नीट केल्या. बराच वेळ केल्या.

“ये,” ती म्हणाली. “परतीचं तिकीट काढून ये. तुझं एकट्याचं.”

अनसूयाबाई खो खो हसल्या. संदेशही हसला, डोळे पुसत. मग त्या तिघी आत गेल्या, मधे जुई.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी माझा फोन वाजला. संदेश होता. कालच परत आलो म्हणाला. जुई मजेत आहे, मागच्या अंगणात तिच्यासोबत किल्ला केला, शेजारची गोरी मुलं बघायला आली होती. मोनालीनेही हातभार लावला. मग म्हणाला, “पण मॅडम, एक अडचण झाली आहे. आईला म्हटलं, चल माझ्यासोबत, घर उघडं पडलंय. तर येत नाही. व्हिसा संपेपर्यंत हलणार नाही म्हणते. आता सांगा, तिला परत आणायला मी कुठल्या कोर्टात जाऊ?”